'करमत नाही' या तक्रारीवर चिठ्ठी कशी लिहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: "शिवाजी पेठेत माझा छोटा दवाखाना आहे. रोजच्या पेशंटपैकी पाच-सहा जण असे असतात की त्यांचे रिपोर्ट ठीक असतात, तरी ते दर आठवड्याला येतात. अंग दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. बोलता बोलता कळतं की माणूस एकटा पडलाय. 'जरा माणसांत मिसळा, हास्य क्लबला जा' असं सांगतो. मान डोलावतात आणि पुढच्या सोमवारी परत येतात. इंग्लंडमध्ये डॉक्टर अशांना औषधासारखे उपक्रम लिहून देतात असं वाचलं. कोल्हापुरात हे जमेल का? कुठं पाठवायचं, आणि याला वेळ कुठून आणायचा?"

डॉक्टर, जमतं. मी २४ वर्षं वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते आहे आणि त्यातली अलीकडची वर्षं आपल्या शहरातल्या काही फॅमिली डॉक्टरांबरोबर नेमकं हेच काम केलं आहे. खाली ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी ते मान डोलावून परत का येतात ते सांगते. आठ महिन्यांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला तुम्ही हास्य क्लबला जा म्हणता. म्हणजे त्याला सकाळी उठून दाढी करायची, कपडे घालायचे, पत्ता शोधायचा आणि तीस माणसं आधीपासून एकमेकांना ओळखतात अशा घोळक्यात एकट्यानं शिरायचं. आत गेल्यावर कुठं उभं राहायचं, कुणाशेजारी बसायचं, कुणी विचारलं "एकटेच आलात?" तर काय सांगायचं? सभागृहाच्या दारातला चपलांचा ढीग बघून मागे फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. सल्ला बरोबरच असतो, पण त्यातला सगळ्यात अवघड भाग आपण सगळ्यात थकलेल्या माणसावर सोडून देतो.

इंग्लंडमध्ये जे चाललं आहे त्याचं मर्म इथंच आहे. पूर्व लंडनच्या ब्रोमली-बाय-बो या गरीब वस्तीत १९८४ पासून एका जुन्या चर्चच्या आवारात दवाखाना, बाग, कलावर्ग, कर्ज आणि नोकरीचा सल्ला असं सगळं हळूहळू एकत्र येत गेलं. पुढे २०१९ च्या सरकारी आरोग्य योजनेत हे देशभर नेण्याचं ठरलं आणि पहिल्या टप्प्यात एक हजाराहून जास्त 'लिंक वर्कर' नेमायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. डॉक्टर पेशंटला या माणसाकडे पाठवतो. तो निवांत बसतो, "तुम्हाला काय झालंय" याऐवजी "तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं" असं विचारतो आणि गरज पडली तर पहिल्या दिवशी सोबत जातो. लोक बोलतात ते बागकामाबद्दल आणि गायनवर्गाबद्दल, पण खरं काम सोबत जाणारा माणूस करतो. बागा आपल्याकडेही आहेत. सोबत जाणारं कुणी नाही.

झिम्बाब्वेत हेच काम आज्या करतात. हरारे शहरातल्या दवाखान्यांबाहेर बाकडी ठेवली आहेत. त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या वयस्क बायका बसतात, समोरच्याचं ऐकून घेतात, एक अडचण निवडून तिच्यावर वाट काढायला मदत करतात आणि पुढे गटाशी जोडून देतात. २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर या लोकांची नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होती. लांब कशाला, आपल्या नाशिक जिल्ह्यात आणि नंतर गुजरातेत मेहसाण्याला 'आत्मीयता' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच स्वयंसेवकांनी असं काम केलं आहे. पदवीपेक्षा ओळख आणि धीर इथं जास्त लागतो.

आता तुमच्या दवाखान्यातलं बघू. "एकटं वाटतं का?" असं कधी विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ "तुमची पोरं बघत नाहीत का?" असा होतो आणि माणूस पोरांची बाजू घेऊन "छे छे, सगळं छान आहे" म्हणतो. लोकांचा स्वतःचा शब्द वेगळा आहे: करमत नाही. जीव रमत नाही. घर खायला उठतं. हे शब्द कानावर पडले की केस पेपरवर जसेच्या तसे लिहा, ताप किंवा खोकला लिहिता तसे. आणि एवढंच विचारा: "दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते?" या एका प्रश्नानं मला जेवढं दिलं तेवढं कुठल्याही प्रश्नावलीनं दिलं नाही.

पण त्याआधी तुमचं डॉक्टर म्हणून असलेलं काम पूर्ण करा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघा. कान तपासा. ऐकू येत नसलेला माणूस चारचौघांत बसायचं टाळतोच, आणि घरचे म्हणतात तो विक्षिप्त झालाय. मोतीबिंदू असेल तर संध्याकाळचा कार्यक्रम त्याच्या उपयोगाचा नाही. आणि बायकांना लघवीबद्दल विचारा, शक्यतो नर्सताईंकरवी. खोकलं की थेंब जातो म्हणून देवळात जायचं बंद केलेल्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत. घरी त्या "गुडघं धरल्यात" एवढंच सांगतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर नैराश्याची तपासणी करा आणि जगणं नकोसं झालंय का हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ आधी. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. भजनी मंडळ हा औषधोपचाराला पर्याय नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा.

माझी एक चूक सांगते, कारण पुढचं सगळं मी तिच्यातून शिकले. एक निवृत्त टर्नर होते. उद्यमनगरात ४० वर्षं लेथवर काम केलेलं. बायको गेली, मुलगा पुण्याला. रक्तदाब आटोक्यात येत नव्हता, कारण ते गोळ्याच घेत नव्हते, आणि जेवण म्हणजे दूध-पाव. मी त्यांना रंकाळा तलावावरच्या हास्य क्लबचा पत्ता दिला. एकदा गेले. परत आले ते संतापून. "बाई, माझी बायको जाऊन सा म्हैनं झाल्यात आणि मला हात वर करून हसायला लावत्यात व्हय?" माझ्याकडे जे होतं ते मी त्यांना दिलं होतं. त्यांच्याकडे काय आहे हे विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी वेळेचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साडेपाच. कामावरनं सुटायची येळ. ती च्या ठेवायची." मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, "हाताला काम न्हाई, हे लई वंगाळ."

त्यांच्या शेजारच्या गल्लीत तालीम आहे. कोल्हापूरबाहेरच्यांना तालीम म्हणजे नुसता आखाडा वाटतो. आपल्याकडे तालीम म्हणजे गल्लीचा गणपती, फुटबॉलचा संघ, लग्नाच्या पंगतीची भांडी, भांडण मिटवायची जागा आणि पूर आला की बोट घेऊन निघणारी पोरं. त्या तालमीतल्या व्यायामाच्या मशीनची पुली वर्षभर मोडून पडली होती. मी टर्नरकाकांना सोबत घेऊन साडेपाचला तिथं गेले आणि कार्यकर्त्यांना एवढंच म्हटलं, "काका लेथवरचे आहेत, मशीन बघतील." ते करमत नाही म्हणून आलेत हे सांगितलं नाही. तीन दिवसांत त्यांनी बुश बदलून पुली चालू केली. पोरं त्यांना मिस्त्री म्हणू लागली. पावसाळा संपता संपता तालमीची किल्ली त्यांच्याकडे आली आणि पहाटे साडेपाचला दार उघडायचं काम त्यांचं झालं. रक्तदाब आता बरा आहे. तालमीमुळे रक्तदाब उतरला असं मी म्हणणार नाही. तो गोळ्यांनी उतरला. पण गोळी रोज पोटात जाते, कारण एक पोरगा रोज विचारतो, "मिस्त्री, गोळी झाली का?"

तेव्हापासून कुणालाही कुठं पाठवताना मी आधी बघते की तिथं त्या माणसाची गरज कुणाला आहे. करमणूक करून घ्यायला गेलेला माणूस दोनदा जातो. ज्याच्यावाचून तिथं काहीतरी अडतं, तो टिकतो.

कुठं पाठवायचं याची तयार यादी मागू नका, वही करा. माझ्या वहीत प्रत्येक ठिकाणाला एक पान आहे. त्यावर मंडळाच्या नावाआधी एका माणसाचं नाव असतं, जो नवीन आलेल्याला दारात भेटेल. मग वार आणि वेळ, पायऱ्या किती, संडास आहे का आणि त्याला कुलूप असतं का, के.एम.टी.ची बस कुठवर जाते, वर्गणी किती. कोण लोक तिथं येतात हेही मी मनाशी धरते. सगळ्या जागा सगळ्यांना सारख्या मोकळ्या नसतात आणि हे न बघता पाठवलेला माणूस अपमान घेऊन परत येतो. दर सहा महिन्यांनी मी स्वतः जाऊन पान तपासते. आषाढात भजनी मंडळातले निम्मे लोक वारीला गेलेले असतात, सुगीत कितीतरी जण गावाकडे. अशा दिवसांत नवीन माणूस पाठवला तर त्याला रिकामी सतरंजी दिसते.

आपल्या शहराजवळ देण्यासारखं खूप आहे. रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांचे ठरलेले घोळके आहेत, प्रत्येकाचा आपला कट्टा आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बचत गट आहेत, हरिपाठ आणि कार्तिकातला काकडा आहे. गाण्याचा कान असलेल्यासाठी १८८३ पासूनचा देवल क्लब आहे. आणि ज्याला लोक हवेत पण बोलणं नको, अशासाठी वाचनालयासारखी जागा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. वाचनालयात शेजारी माणूस बसलेला असतो, कुणी काही विचारत नाही, पेपर उलटल्याचा आवाज असतो. शोकातल्या माणसाला पहिले काही महिने एवढीच सोबत झेपते. पंधरा दिवसांनी शेजारचा विचारतो, "झाला का तुमचा तो पेपर?" पुष्कळ मैत्र्या अशा सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत.

दोन-तीन ठिकाणी सावध राहा. दारू सोडलेल्या माणसाला ज्या मंडळात संध्याकाळी बाटली निघते तिथं पाठवू नका, त्याआधी चौकशी करा. पावडरी आणि 'जोडीदार आणा, कमिशन मिळवा' विकणारे लोक वयस्क माणसांच्या गटात हमखास शिरतात. भिशीत बायकांचा जीव रमतो हे खरं, पण रक्कम मोठी असेल तर मी आधी घरच्यांशी बोलते. आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असलेला मधुमेही पहाटे उपाशीपोटी फिरायला लागणार असेल तर डोसचं तुम्ही बघालच, पण खिशात साखरेची पुडी आणि सोबतच्या एकाला तरी माहिती, एवढं नक्की करा.

आता बायकांचं. इथं अडचण वेगळी असते, म्हणून जरा थांबते.

एक आजी आहेत, भरल्या घरात राहतात. सहा माणसं, प्रत्येकाचा मोबाईल. डोकं दुखतं म्हणून दर आठवड्याला दवाखान्यात. वय, तुळशीची माळ, पांढरं लुगडं बघून मी भजनी मंडळ सुचवलं. "व्हय व्हय" म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी मी घरी गेले तर कॉटवर वाकळ, म्हणजे गोधडी, अंथरलेली. अशी बारीक, एका रेषेतली शिवण मी फार वर्षांत पाहिली नव्हती. "आज्जी, हा धावदोरा कुणी घातला?" त्यानंतर अर्धा तास त्याच बोलत होत्या. कुणाच्या लुगड्याचा कोणता तुकडा, मधला चौकोन कसा धरायचा, कोपरा कसा दाबायचा. भजनाचं विचारलं तर म्हणाल्या, "ते माझ्या सासूचं. मला कधी गोडीच न्हवती."

त्यांच्याच गल्लीत बचत गट कापडी पिशव्या शिवत होता आणि त्यांना वाकळा करून विकायच्या होत्या. पण शिकवणारं कुणी नव्हतं. मला वाटलं जमलं. आजी म्हणाल्या, "मी कुठं येतो बाई? सवाष्णींच्यात माझं काय काम?" जानेवारीत गटाचं हळदीकुंकू होतं आणि तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते त्यांच्या मनात होतं. डोकेदुखीच्या गोळ्या लिहिणाऱ्या कुणालाही हे कळणं शक्य नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी त्या गटाच्या अध्यक्षांना हेरवाडची बातमी सांगितली आणि आजींची अडचणही. त्या स्वतः आजींच्या घरी गेल्या, उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या, "आज्जी, आमाला येत न्हाई, तुमी शिकवा." पुढच्या जानेवारीत गटानं हळदीकुंकवाऐवजी सगळ्या बायकांचा तिळगूळ केला. आजींची डोकेदुखी पूर्ण गेली नाही. पण दवाखान्यातल्या फेऱ्या महिन्यावर आल्या आणि येतात तेव्हा पिशवीत अर्धी वाकळ असते.

यातूनच चिठ्ठीचं महत्त्व कळतं. बाईला बहुतेक वेळा इच्छा असते, मोकळीक नसते. सून संध्याकाळी पाचला बाहेर पडली तर चार जण विचारतात. पण डॉक्टरांनी लेटरहेडवर "दर मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी ५ ते ६, अमुक ठिकाणी, अमुक ताईंसोबत" असं लिहून खाली सही केली, की घर मानतं. बाळंतपणानंतर घरात कोंडल्यासारख्या झालेल्या मुलींसाठी ही चिठ्ठी मी डॉक्टरांकडून मुद्दाम लिहून घेते. पुरुषाचं उलट असतं. त्याला मोकळीक असते, कारण नसतं. त्याच्या चिठ्ठीत काम लिहा: "तालमीतलं मशीन बघणे." दोन्हीकडे वार, वेळ आणि भेटणाऱ्या माणसाचं नाव हवंच. "माणसांत मिसळा" हे चिठ्ठीवर लिहिण्यासारखं वाक्य नाही.

पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत गेलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसानं न्यायला यावं. तिसऱ्या खेपेला एकट्यानं जाता आलं तर माझ्या अनुभवात तो माणूस सहसा टिकतो. म्हणून फोन तिसऱ्या खेपेनंतर करायचा, आणि "गेला होता का?" असं न विचारता "कोण कोण आलं होतं?" असं विचारायचं. दोन नावं सांगता आली की मी वहीत टिक करते. नाही गेले तर रागवायचं नाही, जागा चुकली असं धरायचं. मोजमाप हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची साधी मोजणी आहे. गुण ० ते २५. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी भरून घ्या. १३ पेक्षा कमी आले तर नैराश्याच्या अंगानं पुन्हा तपासा.

पुराव्याबद्दल स्पष्ट सांगते, म्हणजे तुम्ही पेशंटला नको ते आश्वासन देणार नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणा अनुभवतो. म्हणजे दुखणं खरं आहे. पण उपक्रमाची चिठ्ठी दिली की ते किती बरं होतं, याचे बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि तुलनेचा गट नसलेले आहेत. त्यामुळे साखर उतरेल, गुडघा थांबेल असं कुणाला सांगू नका. "दिवस बरा जाईल" एवढं सांगा. तेवढं मी खात्रीनं पाहिलं आहे.

राहिला वेळ आणि पैसा. तुमची दोन मिनिटं लागतील: शब्द टिपायला, एक प्रश्न विचारायला आणि चिठ्ठीवर सही करायला. बाकीचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल. आशाताईंच्या गळ्यात घालू नका, त्यांच्यावर आधीच कामांचं ओझं आहे. तुमच्या पेशंटमध्येच एखाद्या निवृत्त शिक्षिका किंवा पोस्टातले काका असतील, ज्यांना गल्लीन् गल्ली माहीत आहे. आठवड्यातले दोन दिवस, दोन-दोन तास. रिक्षाचे आणि फोनचे पैसे द्या, फुकट राबवू नका. पेशंटनं सांगितलेलं बाहेर जाणार नाही हे त्यांच्याशी आधी बसून ठरवा, आणि पेशंटची परवानगी घेतल्याशिवाय नाव पुढे देऊ नका.

सुरुवातीला फक्त पाच जण घ्या आणि वहीत फक्त सात-आठ पानं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुणाच्या घरात वयस्क माणूस एकटा आहे हे तुमच्या भागातल्या तालमीच्या पोरांना दारोदार फिरून कळलं होतं. त्यांच्याकडे चहाला जा, त्यांना ती घरं अजून आठवत असतील. आणि सोमवारी जे परत येतील, त्यांना या वेळी जड जाणारी वेळ विचारा. उत्तर मला कळवा. पहिल्या पाचांसाठी सोबत जायला मी येते.